पाण्याचा मशवरा

महिना संपला की हजेरीपत्रकाची बेरीज करावी लागते. पटसंख्या, हजर दिवस, सरासरी हे सारे रकाने भरायचे आणि सही करून पुढे पाठवायचे. हे काम आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. गेल्या वर्षी फेब्रुवारीचे पत्रक भरताना मात्र एका ठिकाणी पेन थांबले. सहावीच्या पाच मुली दर चौथ्या दिवशी गैरहजर होत्या. आजारपण असे दिवस मोजून येत नाही. त्या दिवशी मुलगे मात्र हजर होते.

आमचे राहणे मंठ्याला आणि शाळा तालुक्यातल्या एका खेड्यात. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका मुलीला जवळ बोलावून विचारले, तेव्हा तिने मान खाली घालून एवढेच सांगितले, "आपा, वो पानी का दिन रहता."

नळाला चौथ्या दिवशी पाणी येते, सकाळी दहाच्या सुमारास. हरभरा काढणीचे दिवस असल्यामुळे आई नऊलाच रोजंदारीवर गेलेली असते. वडील बाहेरगावी. भाऊ शाळेत. मग नळाला पाइप लावून ड्रम, घागरी, कळशा भरायला घरात उरते कोण? ही बारा वर्षांची पोर. पाणी आले की तासभर आणि नाही आले तर वाट पाहण्यात अर्धा दिवस. त्यानंतर शाळेत यायला तिला संकोच वाटे, म्हणून तो दिवस बुडालेलाच.

त्या आठवड्यात वर्गात आम्ही एक गणित घातले. जलजीवन मिशनच्या हिशेबाने खेड्यातल्या माणसाला दिवसाला किमान ५५ लिटर पाणी मिळायला हवे. घरात सहा माणसे असतील तर रोज किती? ३३० लिटर. पाणी चौथ्या दिवशी येत असेल तर एका वेळी किती साठवावे लागेल? १३२० लिटर. आणि ड्रम २०० लिटरचा असेल तर? पोरांनी उत्तर काढले, साडेसहाहून अधिक, म्हणजे सात ड्रम. मग आम्ही विचारले, कोणाच्या घरी सात ड्रम आहेत? दोन हात वर आले. गणित बरोबर होते, पण बाकीच्या घरांत ते बसत नव्हते. ज्याच्या घरावर टाकी आहे त्याला चौथा दिवस जड जात नाही. ज्याच्याकडे दोन ड्रम आहेत त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच हातपंप गाठावा लागतो.

मग आमच्या मनात दुसरा प्रश्न आला. दहा वाजताची वेळ ठरवली कोणी?

चौकशी केली तेव्हा कळले की कोणी वाईट हेतूने ठरवली नव्हती. वॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला पहाटे स्वतःच्या शेतात काम असते. ते उरकून तो गावात येतो तेव्हा दहा वाजतात. एकदा ग्रामसभेत वेळेचा विषय निघाला होता, पण ती तहकूब सभा होती. वाचकांना ही पद्धत ठाऊक असेल. ग्रामसभेला गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. दहा-पंधरा माणसे बसतात, चहा होतो, ठराव होतात. त्या दहा-पंधरांत आपल्या मोहल्ल्यातला एकही माणूस नव्हता, आणि बाई तर एकही नव्हती. ज्यांना पाणी भरायचे होते त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनीही, आम्हाला विचारा, असे म्हटले नाही.

मशवरा हा शब्द आपल्या घरांत रोज उच्चारला जातो. मुलीचे स्थळ आले की मशवरा, जमीन घ्यायची की मशवरा, मस्जिदीला रंग द्यायचा तरी जमातीत मशवरा. कुरआनात एका सूरहचे नावच अश-शूरा आहे. बद्रच्या वेळचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी एका जागी मुक्काम केला, तेव्हा हजरत हुबाब बिन मुंजिर (रजि.) यांनी अदबीने विचारले की ही जागा अल्लाहच्या आदेशाने निवडली आहे की हे आपले मत आहे. मत आहे असे कळल्यावर त्यांनी सांगितले की पुढे जाऊन पाण्याच्या विहिरीजवळ मुक्काम करणे अधिक चांगले. प्रेषितांनी ते ऐकले आणि मुक्काम हलवला. हा प्रसंग आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितला आहे. पण त्यातली एक गोष्ट त्या दिवशी प्रथमच मनात आली. हुबाब (रजि.) यांना त्या भागातल्या विहिरी माहीत होत्या. ज्याला पाण्याची माहिती होती त्याने तोंड उघडले, आणि ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांनी ते ऐकून घेतले. मशवऱ्याला या दोन्ही बाजू लागतात. आपण सहसा दुसऱ्या बाजूची तक्रार करतो आणि पहिली विसरतो.

आपला जालना जिल्हा पाण्याच्या बाबतीत नेहमीच उणा, पण पाण्याच्या अकलेत उणा नव्हता. जालन्याचा मोती तलाव जमशेदखानाने बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांत पाणी आणले. शेजारी औरंगाबादेत, म्हणजे तेव्हाच्या खडकीत, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर खोदून दूरचे पाणी वस्तीत आणले. पुढे अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली. निजामाच्या काळात जालन्यासाठी घाणेवाडीचा तलाव झाला. या कामांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. मात्र त्या काळी बांधणारा सुलतान किंवा सरदार असे आणि पाणी भरणारी रयत. रयतेला विचारण्याचा प्रश्न येत नव्हता. आज तसे नाही. आज कायद्यानेच आपल्याला विचारायचे ठरले आहे, आणि नेमके आजच आपण घरात बसलो आहोत.

हे कायद्याने कसे ठरले ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ घरांत ते माहीत नसते. पूर्वी गावची पाणी योजना वरून येत असे. अधिकारी जागा ठरवत, ठेकेदार टाकी बांधत, आणि मोटार जळाली की योजना बंद पडे. २७ जुलै २००० रोजी महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला की यापुढे गावाने मागणी करावी, खर्चाचा दहावा हिस्सा गावाने उचलावा आणि योजना चालवणे, दुरुस्त करणे हे गावाने पाहावे. त्यानंतर २००३ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून जलस्वराज्य प्रकल्प आला. त्यात गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात ही अट होती. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळाचे उद्दिष्ट ठेवले आणि तीच पद्धत कायम ठेवली. गावाच्या समितीत निम्म्या स्त्रिया, दुर्बल घटकांना जागा, गावाचा कृती आराखडा ग्रामसभेत मंजूर, आणि पाणी तपासायला गावातल्याच पाच स्त्रियांना प्रशिक्षण. शिवाय आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची असते.

आपल्याकडे निम्न दुधनाच्या पाण्यावरची परतूर, मंठा आणि जालना तालुक्यांतल्या १७६ गावांची ग्रिड योजना सर्वांना ऐकून माहीत आहे. अशा मोठ्या योजना पाणी गावाच्या टाकीपर्यंत आणतात. टाकीपासून घरापर्यंतचा हिशेब गावाचा असतो. कोणत्या गल्लीला आधी, किती वेळ, किती वाजता, पाणीपट्टी किती, वॉल्व्हवाल्याचा पगार कोणी द्यायचा, हे सारे गावाने ठरवायचे. धरण भरले तरी आमच्या त्या पाच मुलींचा दिवस वाचत नाही. तो या हिशेबात वाचतो किंवा बुडतो.

मार्चमध्ये आम्ही मुलींच्या आयांना शाळेत बोलावले. निमित्त पालकसभेचे होते. वीस-बावीस जणी आल्या. आपल्या मोहल्ल्यातल्या होत्या, शेजारच्या आळीतल्या मराठा घरांतल्या होत्या आणि तांड्यावरच्या दोघी होत्या, कारण त्यांची मुले शेजारच्या मराठी शाळेत असली तरी पाण्याची तक्रार सगळ्यांची एकच. सुरुवातीला सगळ्या गप्प. मग एकजण बोलली आणि बांध फुटला. शेवटच्या गल्लीतली म्हणाली, आमच्या नळाला पाणी येते तेव्हा वरच्या गल्लीचे ड्रम भरून सडे टाकून झालेले असतात. तांड्यावरची म्हणाली, तुमच्या नळाला निदान चौथ्या दिवशी येते, आमच्याकडे पाइप आला आणि पाणी आलेच नाही. दोघीजणींना तर आमच्याकडून कळले की त्या गावच्या पाणी समितीच्या सदस्य आहेत. रजिस्टरवर सही केल्याचे आठवत होते, ती कशावर केली ते आठवत नव्हते.

मग टिल्लूचा विषय निघाला. वाचकांच्या घरीही टिल्लू असेल. नळाला लावायची छोटी मोटार. ती लावली की आपल्या नळाला धो धो पाणी येते आणि खालच्या चार घरांचे ओढले जाते. चार घरांनी लावली की पाचव्याला लावावीच लागते. आम्ही बायांना समजावून सांगत होतो की हे बरोबर नाही, हा शेजाऱ्याचा हक्क आहे. आम्ही हजरत जुबैर (रजि.) यांचा किस्सा सांगितला. त्यांचे शेत पाटाच्या वरच्या अंगाला आणि एका अन्सारींचे खालच्या अंगाला. तंटा प्रेषितांपुढे गेला. पहिला निवाडा असा होता की जुबैर यांनी आपल्या झाडांना पाणी द्यावे आणि मग ते शेजाऱ्याकडे सोडावे. वरच्याचा हक्क पहिला, पण पाणी अडवून ठेवण्याचा नाही.

बाया ऐकत होत्या. मागे बसलेल्या एकीने पदर सावरला आणि विचारले, "आपा, मंठेमें तुमारे घर के नल कू मोटर है क्या?"

आम्ही गप्प झालो. आमच्या घरी टिल्लू होती. भाड्याने घर घेतले तेव्हापासून होती. आमच्या गल्लीत बहुतेक घरांना आहे. खोटे बोलता आले असते, पण समोर विद्यार्थिनींच्या आया होत्या. आम्ही म्हणालो, हो, आहे. ती हसली नाही, की रागावलीही नाही. फक्त म्हणाली, मग आमच्या वरच्या गल्लीला आम्ही काय बोलणार.

त्या दिवशी घरी आल्यावर आमच्या शौहरांशी बोलणे झाले. त्यांचे म्हणणे होते की आपण एकट्याने काढून काय होणार, बाकीचे ओढतच राहतील आणि आपली मुले कोरडी राहतील. म्हणणे खोटे नव्हते. तरी पुढच्या पाळीला आम्ही टिल्लू काढून माळ्यावर टाकली. पाणी निम्म्याने कमी आले. दोन दिवस जारचे पाणी विकत आणावे लागले, आणि घरात तोंडे वाकडी झाली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध खाला एकट्या राहतात. त्यांच्या नळाला त्या दिवशी थोडे पाणी जास्त आले का, हे विचारायला आम्ही गेलो. त्या म्हणाल्या, फरक काही कळला नाही बेटा, पण तू विचारायला आलीस हे बरे केलेस. एका घराने टिल्लू काढण्याचा उपयोग एवढाच होतो. सर्वांनी मिळून ठरवल्याशिवाय पाणी टोकापर्यंत पोहोचत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

१ मे ला गावात ग्रामसभा होती. तिच्या आदल्या दिवशी स्त्रियांची सभा झाली आणि यावेळी ती रजिस्टरवर नव्हे, खरोखर झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही मागे एका कडेला बसलो होतो. आम्ही त्या गावचे मतदार नाही, त्यामुळे बोलण्याचा हक्क आम्हाला नव्हता, आणि एका अर्थी ते बरेच झाले. बोलायचे तर ज्यांचे पाणी होते त्यांनीच. पंधरा-वीस स्त्रिया आल्या. त्यांच्यामुळे गणपूर्ती झाली आणि सभा तहकूब करावी लागली नाही.

पहिली मागणी वेळेची होती. सकाळी दहाऐवजी सहाला पाणी सोडावे. त्यावर वॉल्व्हवाला उभा राहिला. तो म्हणाला, सहाला सोडायचे तर मी पाचला उठेन, माझी ना नाही, पण पगार सहा महिन्यांतून एकदा मिळतो, तो महिन्याच्या महिन्याला द्या. तो बोलला तेव्हा सभा गप्प झाली, कारण त्याचा पगार पाणीपट्टीतून येतो आणि पाणीपट्टी बहुतेकांची थकलेली. आपल्या मोहल्ल्याचीही थकलेली होती, हे इथे लपवत नाही. पाणी येत नाही म्हणून पट्टी भरत नाही, आणि पट्टी भरत नाही म्हणून पाणी वेळेवर येत नाही, असे हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरत होते. शेवटी ठरले की बचत गटाच्या स्त्रिया घरोघरी जाऊन दर महिन्याला पट्टी गोळा करतील, तिची जमा आणि खर्च पंचायतीच्या फळ्यावर लिहिला जाईल, पगार त्यातून आधी निघेल, पाणी सहाला सुटेल आणि एक पाळी सोडून शेवटच्या गल्लीचा वॉल्व्ह आधी उघडेल. मोटारी काढण्याचाही ठराव झाला. तांड्याच्या पाइपसाठी वरच्या कार्यालयाला पत्र लिहायचे ठरले.

सगळे झाले असे म्हणणार नाही. दोन महिन्यांत काही मोटारी परत आल्या. फळ्यावरचा हिशेब पावसाळ्यात पुसला गेला तो बरेच दिवस कोणी लिहिला नाही. तांड्यावर अजून पाणी पोहोचलेले नाही आणि तिथल्या बाया पुढच्या सभेत पुन्हा उभ्या राहिल्या, हे मात्र आम्ही पाहिले. सहाची वेळ टिकली. या फेब्रुवारीच्या हजेरीपत्रकात त्या पाच मुलींपैकी तिघींचे दिवस सलग भरले आहेत. दोघी अजून चुकतात. त्यांच्या घरी ड्रम एकच आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीचे नाव बऱ्याच वाचकांनी ऐकले असेल. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने आणि इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे १९९६ पासून काम झाले. बांध घातले, श्रमदान केले आणि मग शेततळी झाली. आज तिथली द्राक्षे लोक पाहायला जातात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस पाहून कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. या गावांतही माणसे आपल्यासारखीच आहेत, भांडणारी आणि स्वतःचे आधी पाहणारी. त्यांनी फक्त भांडण सभेत आणून मांडले, नळावर नाही.

आता आमच्या मंठ्याकडे येऊ. त्या खेड्यातल्या बायांना जी ग्रामसभा मिळाली ती मंठ्याच्या आम्हा बायांना नाही. काही वर्षांपूर्वी मंठ्याची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. गाव मोठे झाले, नाव मोठे झाले, पण त्याबरोबर ग्रामसभाही गेली. तिचे जाणे कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण ती होती तेव्हाही आपण जात नव्हतो. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना. तालुक्याच्या लहान शहरांत सर्व मतदारांनी एकत्र बसून पाण्यावर बोलावे असा दिवस रिवाजात उरलेला नाही. मंठाच नव्हे, परतूर, बदनापूर, जाफराबाद, घनसावंगी, जिथे जिथे हा अंक वाचला जातो तिथल्या बहिणींनी आपल्या गावाकडे याच नजरेने पाहावे.

न विचारता निर्णय झाले की काय होते हे मराठवाड्याने पाहिले आहे. २००८ साली लातूर शहराचा पाणीपुरवठा चालवण्याचे काम दहा वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे सोपवले गेले. मीटर, अनामत, दर यांवरून लोक रस्त्यावर आले, आणि मुदत संपण्याआधीच ते सारे गुंडाळावे लागले. कंपनी चांगली की वाईट हा वेगळा वाद. ज्यांच्या नळाला मीटर बसणार होते त्यांना शेवटी सांगितले गेले, ही गोष्ट लोकांना जास्त झोंबली. त्याच लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. पाणी संपल्यावर मशवऱ्याला वेळ राहत नाही.

विचारायचे तर लोकांच्या भाषेत विचारावे लागते, हाही धडा महाराष्ट्राने घेतला आहे. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. धरणांच्या पाण्याचे ठोक दर कसे ठरवावेत याच्या मसुद्यावर त्याने पुढे लोकांची मते मागवली, पण मसुदा मुळात इंग्रजीत होता. पुण्याच्या प्रयाससारख्या अभ्यासगटांनी आणि पाण्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरला की तो मराठीत द्या आणि सभा ठिकठिकाणी घ्या. मग मराठी मसुदा निघाला, सभाही झाल्या. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून आम्हाला याचे महत्त्व जास्त वाटते. आपल्या कित्येक घरांत आई उर्दू वाचते, मुलगी मराठी, आणि पाणीपट्टीची नोटीस मुलगीच वाचून दाखवते. ती नोटीस आईला समजावून देणे हेही मशवऱ्याचेच काम आहे.

लहान शहराला जमत नाही असेही नाही. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला लागून मलकापूर आहे. तेव्हा तीही नगरपंचायतच होती. २००९ च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू झाले. प्रत्येक नळाला मीटर बसले, आणि दर असा की थोडे वापरणाऱ्याला कमी आणि जास्त वापरणाऱ्याला चढता. नळाला कधीही पाणी येते म्हटल्यावर साठवणीची घाई संपते आणि टिल्लूचीही गरज उरत नाही. कोयना नदी जवळ असण्याचे भाग्य मराठवाड्याला नाही हे खरे. पण मीटर, हिशेब आणि चढता दर यांना नदी लागत नाही. ते लोकांनी समजून घेऊन मान्य करावे लागतात.

आणि एक दूरचे उदाहरण, जे आपल्या वाचकांना आवडेल. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारापाशी पाण्याचे न्यायालय भरते. कालव्यांवरचे शेतकरी आपले प्रतिनिधी निवडतात आणि ते प्रतिनिधी काळा झगा घालून गोल बसतात. तक्रार तोंडी, उत्तर तोंडी, निवाडा तिथल्या तिथे. ही परंपरा अंदालूसच्या मुस्लिम राजवटीपासून चालत आलेली मानतात. तिथल्या पाटांना आजही जो शब्द आहे तो अरबी साकियावरून आलेला आहे. राज्ये बदलली, मस्जिदीच्या जागी चर्च आले, पण पाण्याचा मशवरा मोडला नाही, कारण तो मोडला तर शेते कोरडी पडली असती हे सगळ्यांना कळत होते. २००९ साली युनेस्कोने त्याची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली.

तेव्हा बहिणींनो, करण्यासारखे काय आहे? खेड्यात राहत असाल तर पाणी समितीत कोण आहे ते विचारा. आपलेच नाव निघाले तर दचकू नका, पुढच्या बैठकीला जा. ग्रामसभेच्या आधीची स्त्रियांची सभा कधी आहे हे शेजारणीला सांगा आणि दोघी मिळून जा, एकटीला बोलणे जड जाते. बोलताना आपल्या मोहल्ल्यापुरते बोलू नका. तांडा, वाडी, वस्ती, सगळ्यांचे एकत्र मांडलेत तर ऐकले जाते, आणि ते न्यायाचेही आहे. शहरात असाल तर प्रभागाच्या नगरसेवकाला दहा घरांनी मिळून एकदा चहाला बोलवा आणि पाण्याची वेळ, पाळी, जमाखर्च यांवरच बोला. पाणीपट्टीचा हिशेब माहितीच्या अधिकारात २००५ च्या कायद्याने मागता येतो. नळजोडणी किती दिवसांत मिळायला हवी हे राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेले असते, ते विचारा. आपली पट्टी मात्र आधी भरलेली असू द्या. थकबाकीदाराचा आवाज सभेत बसलेलाच असतो.

आणि घरात एक मशवरा करा. पुरुषांनी, मुलग्यांनी, सगळ्यांनी बसून ठरवा की पाण्याच्या दिवशी ड्रम कोण भरणार. हा ठराव करायला ना गणपूर्ती लागते ना सरकारी निर्णय. मुलगा शाळेत आणि मुलगी नळावर, हे ठरवणारे कोणी अधिकारी नव्हते, ते आपण ठरवले होते.

आमची टिल्लू अजून माळ्यावर आहे. गल्लीतल्या आणखी दोन घरांशी आम्ही बोललो. एका घराने काढली, दुसऱ्याने विचार करू म्हटले. रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला की वुजूला, इफ्तारला, भांड्यांना पाणी जास्त लागते. त्याच्या आधी गल्लीतल्या सगळ्या बायांना एकदा आमच्या अंगणात बसवायचे ठरवले आहे. टोकाच्या खालांना आम्ही आधी बोलायला सांगणार आहोत. अल्लाह आम्हाला ऐकून घेण्याची तौफीक देवो.